मारीबाईचा आकडा

हौसाक्का पोवारनं पिशवीतून फडक्याचं गाठोडं काढलं, गाठ दातानं सोडली आणि देव माझ्या पाटावर एकेक करून मांडले. खंडोबा, जोतिबा, भवानी, घोड्यावरचा वीर, आणि सगळ्यात शेवटी तो क्रॉस.

“बुधवारी सांजंपतूर पायजेत,” ती म्हणाली.

“बुधवारी? मावशी, आज सोमवार. जरा माझ्या मागं बघा.”

मागच्या फळीवर डबे ओळीनं लावले होते. एकेका डब्यात एकेका घरचे देव, झाकणावर नावाची चिठ्ठी. रविवारी घट बसणार होते. नवरात्राआधीचे पंधरा दिवस कोल्हापुरात गुजरीतल्या आम्हा चांदीवाल्यांना मान वर करायला सवड नसते. चांदीच्या पत्र्यावर ठसवलेले घरोघरचे देव, म्हणजे टाक, वर्षभराच्या तेलानं आणि कुंकवानं काळे पडतात आणि याच दिवसांत सगळे एकदम उजळायला येतात. त्या वर्षी वडील जाऊन सहा महिने झाले होते. दोघांचं काम मी एकटा ओढत होतो. पाठ धरली होती, बोटं रिठ्याच्या पाण्यानं पांढरी पडली होती. खरं सांगायचं तर मला देवांचा वीट आला होता.

“त्या सगळ्यांच्या घरी पोलंडची बाई येनार हाय काय?” हौसाक्का म्हणाली.

मी ब्रश खाली ठेवला.

“आमच्या घरी येनार हाय. बेस्तरवारी. ग्रामपंचायतीत पत्र आलं हुतं, क्लार्कनं वाचून दावलं. तिच्या बाचा हाय म्हनं असला क्रॉस, तिच्या आईनं हितं कुना बाईला दिल्याला. आता ती आपलीच मारीबाई का दुसरी कोन, ते आकडा बघितल्याबिगर कसं कळायचं?” तिनं क्रॉस उलटा करून माझ्यापुढं सरकवला. “आनि आकडा हितं दिसंना झालाय. माझं डोळं गेल्यात का त्यो गेलाय, बघ. जरा चांगला उठवून दे. तिला वाचता आला पायजे.”

या क्रॉसची हकिगत आमच्या दुकानात सगळ्यांना पाठ होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलंडहून देशोधडीला लागलेली काही हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या कॅम्पात राहत होती. हौसाक्काची सासू येसाक्का त्या कॅम्पात दूध घालायची. तिथल्या दवाखान्यात एक बाई क्षयानं अंथरुणाला खिळली होती. नाव मारिया. पण कॅम्पातल्या निम्म्या बायका मारियाच होत्या, त्यामुळे नावाचा काही उपयोग नव्हता. येसाक्का तिला मारीबाई म्हणायची. मरायच्या आधी मारीबाईनं हा क्रॉस येसाक्काच्या हातात ठेवला, त्याच्या मागच्या आकड्यावर बोट टेकवलं आणि नर्सच्या तोंडून सांगितलं, माझी मुलगी लहान आहे, तिला आता कुठं कुठं नेतील कोण जाणे, तिच्याजवळ हे टिकणार नाही. आमच्यातलं कोणी आलं तर ते हा आकडा सांगेल. त्याला दे.

येसाक्काला अक्षर येत नव्हतं. पण चांदीवर कोरलेलं कुठं जाणार, असं तिला वाटलं. तिनं तो क्रॉस घरातल्या सगळ्यात भरवशाच्या जागी ठेवला, देव्हाऱ्यात. तिथून कोणी चोरत नाही. आणि एकदा देव्हाऱ्यात गेल्यावर जे देवांचं तेच त्याचं. रोजचं पाणी, सणावाराला चिंच आणि राख, आणि वर्षातून एकदा आमच्या दुकानात उजळणं. चार देव लखलखीत करायचे आणि पाचव्याला काळा ठेवायचा, असं कुठल्या घरात करतात? आजोबांनी तो उजळला, वडिलांनी उजळला, मग मी.

ती वस्तू काय आहे हे आम्हाला कळलं ते त्याच्या दोन वर्षं आधी. पुण्याचे गद्रे म्हणून एक गृहस्थ दुकानात आले होते. जुनी लष्करी पदकं जमवायचा नाद. देव उजळायला आलेले होते, त्यांत त्यांना तो क्रॉस दिसला आणि त्यांचा चेहराच बदलला. “विर्तुती मिलितारी,” ते म्हणाले. “पोलंडचं शौर्यपदक. आपल्या परमवीर चक्रासारखं समजा.” मग भिंग लावून त्यांनी ते नीट पाहिलं आणि माझ्यावर असे डाफरले की गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. “कोणी घासलंय हे? इथं गरुडाभोवती हिरव्या मिन्याची पानं असतात, ती गेली कुठं? आणि आकडा? अहो, या पदकाचा जीव आकड्यात असतो. आकड्यावरून सैनिकाचं नाव निघतं. तो गेला की हा नुसता चांदीचा तुकडा.”

तरी ते वळिवड्याला गेले. पोलंडच्या लोकांनी मला पाठवलंय, असं त्यांनी येसाक्काला सांगितलं. ती तेव्हा नव्वदीच्या घरात होती. म्हणाली, आकडा सांग. हे म्हणाले, आधी क्रॉस दाखवा, मग सांगतो. म्हातारीनं त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. पुढं वर्षभरात येसाक्का गेली, आणि जाताना सुनेकडून वचन घेऊन गेली, की आकडा जुळेल त्यालाच.

तर आता तो आकडा माझ्या पाटावर होता. मी भिंग डोळ्याला लावलं.

चार आकडे होते, इंग्रजीतले. पहिला चार होता, शेवटचा दोन. मधल्या दोन जागी चांदी गुळगुळीत होती. तिरपा उजेड धरला की सावलीसारखं काहीतरी दिसायचं, सरळ धरला की तेही नाही.

“दिसतोय न्हवं?” हौसाक्कानं विचारलं.

‘दिसत नाही’ एवढे दोन शब्द म्हणायचे होते. पण चांदी झिजली म्हटलं की लोक आधी चांदीवाल्याच्या हाताकडे बघतात. हात म्हणजे घासण्याचा नव्हे, खाण्याचा. पोतदारांनी, म्हणजे आम्ही, पन्नास वर्षं घासून घासून क्रॉसची चांदी खाल्ली, ही गोष्ट रविवारच्या आत गुजरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली असती. वडिलांना जाऊन सहा महिने झाले होते. मला ते नको होतं. शिवाय मी दमलो होतो, आणि दमलेल्या माणसाला सगळ्यात सोपं उत्तर खरं वाटतं.

“दिसतोय,” मी म्हणालो. “बुधवारी न्या.”

मंगळवारी दुपारी जेवणानंतर मी कोरायची कलम घेतली. दुसऱ्या जागी उजव्या अंगाला दोन गोलाया लागत होत्या. मी तीन कोरला. तिसऱ्या जागी वर-खाली दोन वाटोळ्या खुणा होत्या. मी आठ कोरला. दहा मिनिटांचं काम. चार, तीन, आठ, दोन. मग क्रॉस धुतला, पुसला, डब्यात ठेवला आणि पुढच्या घरचे देव काढले.

बुधवारी हौसाक्का आली, आकड्यावरून बोट फिरवलं आणि खूश झाली. “आता कसा हाताला लागतोय बघ,” ती म्हणाली. “चिंतू, उद्या तूबी ये. पोरगा कामावर जानार. तिचं विंग्रजी मला कोन सांगनार? भिंग घेऊन ये.”

मी नाही म्हणायला हवं होतं. फळीवर अजून सतरा डबे होते, कारणही तयार होतं. पण तिनं माझ्या वडिलांच्या तेराव्याला वळिवड्याहून येऊन पंगत वाढली होती. मी गेलो.

पोलंडची बाई माझ्या आधीच पोचली होती. नाव हालिना. साठीच्या आसपासची, उंच, पांढरे केस मागं बांधलेले, पायात जाड तळव्यांचे बूट. खुर्चीत बसताना आणि उठताना कमरेला हात लावायची. प्रवासानं तिचा चेहरा ओढला होता, पण डोळे सगळीकडे फिरत होते. दारातल्या म्हशीकडे, अंगणातल्या केळीकडे. केळीकडे बोट करून ती एकदम म्हणाली, “केलं.” मग आठवून, “चल चल. पानी. दूद.” पन्नास वर्षांनी तिच्याजवळ एवढंच मराठी उरलं होतं. हौसाक्का हसली, पण उठून जवळ गेली नाही. गद्रे प्रकरणापासून ती सावध झाली होती.

क्रॉस ताटात विड्याच्या पानावर ठेवलेला होता. वर कुंकवाचं बोट. ताट हौसाक्कानं स्वतःच्या मांडीवर धरलं होतं.

“आधी आकडा सांग म्हनावं,” ती मला म्हणाली.

मी सांगितलं. माझं इंग्रजी बेताचं, हालिनाचंही तसंच, त्यामुळे आमचं बरं जमलं. तिनं पर्समधून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला कागद काढला. पोलंडातली राजवट बदलल्यावर लष्कराच्या दप्तरातून मिळवलेला. वडिलांचं नाव यान विल्चेक, इटलीच्या लढाईत पडले, पदक त्यांच्यामागं पोस्टानं कॅम्पात आईकडे आलं. तिनं चष्मा लावला आणि एकेक आकडा सावकाश वाचला.

“चार. आठ. सहा. दोन.”

ज्या आठची डावी बाजू झिजली आहे त्याच्या उजव्या अंगाला दोन गोलाया उरतात. आणि सहाच्या पोकळीत पन्नास वर्षांचे चरे पडले की वरही वाटोळी खूण दिसते. हे मला त्या क्षणी कळलं, मंगळवारी नाही.

“जुळला?” हौसाक्कानं विचारलं.

“पहिला आणि शेवटचा जुळतोय.”

“आनि मधलं?”

“मधले नाही जुळत.”

हालिनाला भाषांतर करून सांगायची गरज पडली नाही. तिनं हात पुढं केला. हौसाक्कानं ताट थोडं पुढं सरकवलं. हालिनानं क्रॉस उचलला, माझं भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. मग पदरानं पुसावा तसा रुमालानं पुसून तो पुन्हा पानावर ठेवला, आणि कागद होत्या त्याच घड्यांवर दुमडायला लागली.

“धन्यवाद,” ती म्हणाली. “कॅम्पात असे क्रॉस अनेकींकडे होते. हा दुसऱ्या कुणाचा तरी आहे. नीट जपलाय त्यांनी. त्यांना सांगा.”

मी सांगितलं. एवढंच सांगितलं. माझ्या तोंडात दुसरं वाक्य तयार होतं आणि मी ते गिळलं. मला वाटलं, ही आता चहा घेईल, टॅक्सीत बसेल, जाईल. दुखेल तिला थोडे दिवस. माणसं काय काय सोसतात. फळीवर सतरा डबे आहेत.

हौसाक्का चहा घेऊन आली. तिलाही वाईट वाटलं होतं. कप हातात देऊन ती हालिनासमोर खाली बसली.

“इतक्या लांबनं आलीस बाई,” ती म्हणाली. “चिंतू, इचार तिला, हिची आई कवा गेली?”

“चार नोव्हेंबर एकोणीसशे पंचेचाळीस,” हालिना म्हणाली.

“असल्या तारका मला काय कळत्यात. दिस कुठला हुता म्हनावं.”

हालिनाला वाटलं, वार विचारतायत. “रविवार होता,” ती म्हणाली, आणि मग थांबली. “मी सहा वर्षांची होते. आमच्याकडे नोव्हेंबरच्या दोन तारखेला मेलेल्या माणसांसाठी दिवे लावतात. कबरीवर. कॅम्पातही आम्ही लावले होते, बाबांसाठी. दोन दिवसांनी आई गेली. मला कोणी आत जाऊ देईना. संध्याकाळी मी कॅम्पच्या कडेला जाऊन उभी राहिले, तर समोरच्या गावात दिवेच दिवे. प्रत्येक घराच्या दारात. मला वाटलं, आई गेली हे या लोकांना कळलं. म्हणून सगळ्या गावानं दिवे लावले.”

मी तिचं बोलणं तुकड्या-तुकड्यानं मराठीत सांगत होतो.

हौसाक्का पुढं सरकली.

“लक्ष्मीपूजन,” ती म्हणाली. “सांग तिला. लक्ष्मीपूजनच हुतं ते. आत्याबाई, म्हंजे माझी सासू, दर साली सांगायच्या, मारीबाई लक्ष्मीपूजनाच्या दिशी गेली. पन्नास वरसं झाली, आमच्यात लक्ष्मीपूजनाला आधी मारीबाईचं पान वाढत्यात, दूध आनि भात. मग आमची पूजा. गावात सगळी नावं ठेवत्यात, सनाच्या दिशी मेल्यालीचं पान कसलं वाढताय म्हनून. पर आत्याबाईंनी कुनाचं ऐकलं न्हाई. मीबी न्हाई.” तिनं दोन्ही हातांनी हालिनाचं तोंड धरलं. “ही तिचीच हाय रं. पितरांच्या पंधरवड्यात आलीस बाई. येळंला आलीस.”

मी हे सगळं इंग्रजीत कसं सांगितलं मला आठवत नाही. हालिना रडली नाही. ती कितीतरी वेळ हौसाक्काचे हात धरून बसली होती. दूध आणि भात, हे शब्द तिनं मला दोनदा सांगायला लावले.

मला सुटल्यासारखं वाटलं. आकडा जुळला नाही तरी माणूस जुळलं. माझी चूक जिथल्या तिथं बुजली, आता कोणाला काही सांगायचं कारण नाही. एवढ्यात हालिनानं तो कागद पुन्हा उघडला आणि माझ्या खिशातलं पेन मागितलं. मी दिलं.

“मला दप्तरवाल्यांनी आधीच सांगितलं होतं,” ती म्हणाली. “दप्तरात यान विल्चेक नावाचे दोन सैनिक आहेत. दोघांना हेच पदक, दुसऱ्याचा आकडा मात्र त्यांना मिळाला नाही. मी म्हटलं, हा चार-आठ-सहा-दोनवाला माझा. गेल्या वर्षी इटलीत त्याच्या कबरीवर जाऊन आले. दिवा लावला. दोन तास बसले होते तिथं.” तिनं कागद मांडीवर सपाट केला. “पण हा क्रॉस आईचाच, म्हणजे तो दुसऱ्याच कुणाचा बाप होता. हरकत नाही. त्यालाही कोणीतरी यायला हवंच होतं. माझ्या बाबांचा आकडा आता मला कळला. चार-तीन-आठ-दोन. आता मी त्यांची कबर नव्यानं शोधेन.”

तिनं जुन्या आकड्यावर काट मारायला पेन टेकवलं. कमरेला हात लावून उठणारी, साठीला आलेली बाई. तिला बाप सापडला होता, आणि मी कोरलेल्या दोन आकड्यांसाठी ती त्याला पुसून टाकायला निघाली होती.

“थांबा,” मी म्हणालो. “लिहू नका. आकडा खोटा आहे. मी कोरलाय.”

इंग्रजीत ते सोपं गेलं. परक्या भाषेत आपण परकेच बोलत असतो. हालिनाचं पेन थांबलं.

“काय सांगितलंस तिला?” हौसाक्कानं विचारलं.

आता मराठीत सांगायचं होतं. मी उभा होतो तो खाली बसलो.

“मावशी, आकडा गेला होता. घासून घासून. चार आणि दोन एवढंच राहिलं होतं. मधले दोन मी अंदाजानं कोरले.”

“अंदाजानं?”

“आमच्यात करतात तसं. देव झिजतो, त्याचं नाक जातं, डोळे जातात. तसाच गुळगुळीत परत दिला तर घरच्यांना बरं वाटत नाही. मग आम्ही कलमेनं पुन्हा उठवतो. आधी कसा होता कोणाला ठाऊक? जसा वाटेल तसा उठवतो. आकडाही तसाच उठवला. मला वाटलं, तुम्ही म्हणाल चांदी खाल्ली.”

हौसाक्कानं माझ्याकडे बघणं बंद केलं.

हालिनानं इंग्रजीत विचारलं, “कोरायच्या आधी तुम्हाला काय दिसत होतं?”

तिला काय ऐकायचं होतं ते तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. आठ म्हणालो असतो तर तिचं भागलं असतं, माझंही. पण एकदा मन राखायला आकडा बनवून झाला होता.

“चार आणि दोन,” मी म्हणालो. “मधलं काही दिसत नव्हतं. तीन असेल, आठ असेल. मला माहीत नाही.”

तिनं पेनला टोपण लावून मला परत दिलं.

“दिवे मी पाहिलेत,” ती म्हणाली. “आणि इटलीत मी दोन तास बसले होते. मला पुरे आहे.”

कागद घडी होऊन पिशवीत गेला.

हौसाक्का आत गेली, खण-नारळ घेऊन आली. पंधरवडा चालू आहे, ओटी भरायची नसते, हे तिनं मनावर घेतलं नाही. बाईला नवरा आहे की नाही हेही तिनं विचारलं नाही. माहेराहून निघालेल्या लेकीची भरावी तशी ओटी भरली आणि त्यात क्रॉस घातला. हालिनाच्या शर्टाला पदर नव्हता, तर तिनं शर्टाचं टोक पुढं धरलं. टॅक्सी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत हौसाक्का रस्त्यात उभी होती. म्हैस हंबरली तरी वळली नाही.

मीही निघायला हवं होतं. पण ती आत आली आणि देव्हाऱ्यातले देव ताटात काढून माझ्यापुढं घेऊन बसली. काल दुकानातून नेलेले, लखलखीत. तिनं खंडोबा उचलला.

“ह्याचं डोळं?”

“माझे,” मी म्हणालो. “पाच-सहा वर्षं झाली.”

“जोतिबाचं?”

“माझेच.”

“आनि ही?” भवानी तिनं तळहातावर घेतली होती.

“बाबांनी उठवलेले. नाक पण.”

तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हता. दिवसभर उन्हात काम करून आलेल्या माणसाचा असतो तसला आवाज होता.

“मग एवढी वरसं मी कुनाकडं बघून हात जोडत हुतो रं चिंतू?”

या गोष्टीला आता सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली. हौसाक्काही नाही, दुकानही मुलानं बदलून टाकलंय, काचा लावल्यात. त्या दिवसानंतर मी कोणाच्या देवाचा डोळा उठवला नाही. त्यामुळे काही गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात गेली आणि गेली तेवढी गेली. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर अजूनही मला येत नाही. तेव्हा तर मी नुसता खाली बघत बसलो होतो आणि मला इतकी लाज वाटत होती की उठून जायचंही सुचत नव्हतं.

तिनंही उत्तराची वाट बघितली नाही. ताट उचललं आणि देव्हाऱ्यापुढं बसली. माझ्याकडे पाठ होती. खंडोबा उचलला, कपाळाला लावला, जागेवर ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, “खंडोबा.” मग दुसरा उचलला. “जोतिबा.” मग “भवानी.” मग “वीर.” एकेकाचं नाव असं घेत होती की हे सांगायला तिला डोळ्यांची गरज नव्हती, माझ्या कोरलेल्या नाही आणि तिच्या स्वतःच्याही नाही.

कडेची एक जागा रिकामी राहिली होती. कोणी माणूस हजर नसलं की त्याच्या नावानं आपण सुपारी मांडतो. तिनं डब्यातून एक सुपारी काढली, पाण्यानं धुतली, पदरानं पुसली आणि त्या जागी ठेवली.

“मारीबाई,” ती म्हणाली, आणि कुंकवाचा करंडा उघडला.